अंगठा घराण्याचा, बोल मात्र सुनेला

राळेगाव तालुक्यातल्या एका गावाहून हे पत्र आलं आहे. लिहिणारे भाऊ साठीच्या घरातले, सात एकर कोरडवाहू जमीन, कापूस आणि तूर. पत्र चार पानांचं आहे. त्यातला गाभा त्यांच्याच शब्दांत देते.

"डॉक्टर ताई, माझा नातू अकरा महिन्यांचा आहे. तिसऱ्या महिन्यात दूध पिताना दमायला लागला, ओठ पांढरे पडले. तालुक्याला दाखवलं. सिकलसेलची तपासणी केली, ती नाही निघाली. मग दोन महिने लोहाचं औषध दिलं, फरक पडला नाही. एक दिवस पोरानं मान टाकली, १०८ ची गाडी बोलावून नेलं, हिमोग्लोबिन ३.८ निघालं. तेव्हापासून दर चार आठवड्यांनी नागपूरला रक्त लावतो. हाडातला मगज तपासला, रक्त बाहेर पाठवलं. अहवालात आरपीएल-११ नावाच्या जीनमध्ये खराबी आहे, आजार डायमंड-ब्लॅकफॅन अ‍ॅनिमिया, असं लिहून आलं.

घरात म्हणतात, हे सुनेच्या माहेरून आलं. तिच्या मावसबहिणीला सिकलसेल आहे. डॉक्टरांनी आईबाप दोघांची तपासणी करा म्हटलं. माझी बायको म्हणते, तिचीच करा, आमच्या घराण्यात असं कधी नव्हतं. सून दिवाळीपासून लेकराला घेऊन माहेरी आहे. मुलगा काही बोलत नाही.

मले विचारायचं ते असं. खरंच तिच्याकडून आलं का? सारखं रक्त लावलं की शरीराला सवय लागते म्हणतात. ते थांबवून बीट, खजूर आणि लोहाचं औषध दिलं तर चालेल का? पहिल्या वाढदिवसानंतर स्टेरॉइड देऊ म्हणतात, द्यावं का? चार वर्षांची नात आहे, तिचा मगज देऊन तो बरा होईल का?

पोरगा हसरा आहे. दिसायला माझ्यावर गेला. आंगठासुद्धा आमच्या घराण्याचाच, बोटासारखा लांब, तीन पेरांचा. माझा तसाच, माझ्या बापाचाही तसाच होता. आमच्याकडे त्याले लक्ष्मीचा आंगठा म्हणतात. मलाही दोन वर्षांपासून दम लागते, हिमोग्लोबिन १०.६ आहे, पण ते वयामुळं असेल."

भाऊ,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुमचे प्रश्न वाचले. दुसऱ्यांदा शेवटचा परिच्छेद वाचला आणि तिथंच थांबले. तुम्ही तो कौतुकानं लिहिला आहे, पण तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुधा त्याच चार ओळींत आहे.

आपल्या अंगठ्याला दोन पेरं असतात, बाकीच्या बोटांना तीन. तीन पेरांचा अंगठा क्वचित दिसतो. डायमंड-ब्लॅकफॅन अ‍ॅनिमिया म्हणजे हाडातल्या मगजात तांबड्या रक्तपेशी नीट तयार न होण्याचा आजार. तो झालेल्या मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या शरीरात जन्मतःच असं काहीतरी वेगळं असतं: कुणाची टाळू फाटलेली, कुणाच्या हृदयात किंवा मूत्रपिंडात दोष, कुणाची उंची कमी, तर कुणाचा अंगठा. आणि ज्यांची खराबी आरपीएल-११ मध्ये असते, त्यांच्यात अंगठ्याचा वेगळेपणा विशेषकरून आढळतो. नातवाचा अंगठा तसा, तुमचा तसा, तुमच्या वडिलांचा तसा. हे मी वाचलं आणि वाटलं, माहेरी बसलेल्या त्या पोरीला हे कुणीतरी आजच सांगायला हवं.

पण घाईनं निकाल देत नाही. असा अंगठा काही घराण्यांत नुसताच, कोणत्याही आजाराशिवाय पिढ्यान्‌पिढ्या चालत येतो. म्हणून अंगठ्यावरून शिक्कामोर्तब करता येत नाही, अंदाज बांधता येतो. तपासणी कुणाकुणाची करायची, हे मात्र त्यावरून ठरतं. माझं स्पष्ट मत आहे की सून आणि मुलगा या दोघांचीही तपासणी एकाच दिवशी व्हावी, आणि त्यांच्याबरोबर तुमचीही.

सिकलसेलचा आणि या आजाराचा संबंध तुमच्या घरात जोडला गेला, त्याचं मला नवल वाटत नाही. आपल्या विदर्भात लेकरू पांढरं पडलं की पहिला विचार सिकलसेलचाच येतो, आणि तो यायलाही हवा. पण दोन्हींची चाल वेगळी आहे. सिकलसेलमध्ये खराब जीन आईकडून एक आणि बापाकडून एक, अशा दोन प्रती आल्या तरच लेकरू आजारी पडतं. एकच प्रत असली तर तो वाहक, त्याला सहसा त्रास होत नाही. डायमंड-ब्लॅकफॅनला एकच खराब प्रत पुरते. ती आईकडून येऊ शकते, बापाकडून येऊ शकते, आणि अर्ध्याहून थोड्या अधिक मुलांत ती कुणाकडूनच आलेली नसते. गर्भ तयार होतानाच जीनमध्ये नवा बदल झालेला असतो. सुनेच्या मावसबहिणीचा सिकलसेल वेगळ्या जीनमधला, हिमोग्लोबिनच्या जीनमधला आहे. तुमच्या नातवाच्या अहवालाशी त्याचं काही नातं नाही. हे वाक्य तुमच्या घरात मोठ्यानं वाचून दाखवा.

एक गोष्ट मात्र इथंच सांगते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात सिकलसेलची ती झटपट तपासणी भरवशाची नसते, कारण तेव्हा बाळाच्या रक्तात जन्माआधीचं हिमोग्लोबिन भरपूर असतं. तिसऱ्या महिन्यात 'नाही' निघालं त्यावर विसंबू नका. आता नातवाला दुसऱ्याचं रक्त लावलं जातंय, त्यामुळं त्याची तपासणीही फसवी ठरेल. सोपा मार्ग म्हणजे आईबापांच्या रक्ताची एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी, तपासणी करून घेणं. दोघांपैकी एकही सिकलसेलचा वाहक नसेल तर ती शंका मिटली.

आता हे आरपीएल-११ काय आहे ते सांगते. तुम्ही वर्ध्याच्या बाजूचे आहात, चरखा पाहिलेला असेल. पेळूतून सूत निघतं तसं आपल्या पेशींत प्रथिनांचं सूत काततात. ते कातणाऱ्या यंत्राचं नाव रायबोसोम. एकेका पेशीत अशी लाखो यंत्रं असतात. प्रत्येकाचे दोन भाग, एक लहान, एक मोठा, आणि दोन्ही मिळून सुमारे ८० प्रथिनांचे सुटे भाग. आरपीएल मधला 'एल' म्हणजे मोठ्या भागातलं प्रथिन, आणि ११ हा त्याचा नंबर. ते तयार करण्याची कृती पहिल्या गुणसूत्रावर लिहिलेली आहे. आईकडून एक प्रत, बापाकडून एक. एक प्रत बिघडली की हा सुटा भाग निम्माच तयार होतो, आणि तो भाग नाही तोवर चरखा जुळत नाही.

मग सगळं शरीरच का नाही बिघडत? पोरगा हसतो, रांगतो, अंगावर पितो. फक्त रक्तच का होत नाही? याचं उत्तर शोधायला शास्त्रज्ञांना बरीच वर्षं लागली. घरापुरतं सूत कातायला अर्धे चरखे पुरतात. पण तांबडी पेशी म्हणजे लग्नघरचं काम. मोठ्या माणसाच्या अस्थिमज्जेत, म्हणजे हाडातल्या मगजात, दर सेकंदाला सुमारे २० लाख तांबड्या पेशी तयार होतात, आणि एकेका पेशीत सुमारे २७ कोटी हिमोग्लोबिनचे रेणू भरायचे असतात. तेही मोजक्या दिवसांत, कारण पेशी पिकली की तिचं केंद्रकच बाहेर टाकलं जातं. एवढ्या घाईत चरखे कमी पडले की पहिला फटका तिथं बसतो. २०१४ मध्ये हेही दिसून आलं की तांबड्या पेशीला 'तू तांबडी पेशी हो' असं सांगणारं गाटा-१ नावाचं प्रथिनच या मुलांत पुरेसं कातलं जात नाही. हुकूमच पोचत नाही, मग पेशी वाढणार कशी?

आरपीएल-११ ला आणखी एक काम आहे, आणि मला स्वतःला ते फार मोलाचं वाटतं. निरोगी पेशीत हा नुसता सुटा भाग नसतो, तो राखणदारही असतो. यंत्रं जुळवण्याच्या कामात कुठं गडबड झाली की तो आपल्या जोडीदाराबरोबर, आरपीएल-५ बरोबर, एमडीएम-२ नावाच्या प्रथिनाला जाऊन धरतो. एमडीएम-२ चं नेहमीचं काम म्हणजे पी-५३ नावाच्या पहारेकऱ्याला दाबून ठेवणं. ते अडकलं की पी-५३ मोकळा होतो आणि पेशीला थांबवतो, वेळ पडली तर मारून टाकतो. बिघडलेली पेशी वाढून पुढं कर्करोग होऊ नये म्हणून शरीरानं केलेली ही सोय आहे. डायमंड-ब्लॅकफॅनमध्ये रक्ताच्या कोवळ्या पेशींत हा पहारेकरी उगाच जागा झालेला आढळतो, आणि वाढायला निघालेल्या पेशी वाटेतच संपतात. म्हणून नातवाच्या मगजाच्या अहवालात पांढऱ्या पेशींची पिलं भरपूर, प्लेटलेट तयार करणाऱ्याही ठीक, आणि तांबड्यांची पिलंच तेवढी जवळजवळ नाहीत, असं लिहिलेलं असेल. रेटिक काउंट, म्हणजे नव्या तांबड्या पेशींची मोजणी, अगदी खाली आणि ज्या थोड्या पेशी आहेत त्या आकारानं मोठ्या, हेही असेल. अहवाल काढून बघा.

आजाराचं नाव हिऱ्यावरून नाही. १९३८ मध्ये बोस्टनच्या लुई डायमंड आणि केनेथ ब्लॅकफॅन या दोन बालरोगतज्ज्ञांनी अशा मुलांचं वर्णन केलं, त्यांची आडनावं ती. पहिला जीन, आरपीएस-१९, १९९९ मध्ये सापडला. सुमारे चौथा हिस्सा मुलांत दोष तिथं असतो. आरपीएल-५ आणि आरपीएल-११ यांचा संबंध २००८ मध्ये कळला. जन्मणाऱ्या दहा लाख मुलांमागे पाच ते सात जणांना हा आजार होतो. तालुक्याच्या डॉक्टरनं आधी लोह देऊन पाहिलं, यात त्यांचा फार दोष मी धरत नाही. आपल्याकडच्या शंभर पांढऱ्या लेकरांत बहुतेकांना लोहच कमी असतं.

मी स्वतः एकदा चुकले आहे, म्हणून हे सांगायचा मला हक्क आहे. नोकरीची सुरुवातीची वर्षं होती, ग्रामीण रुग्णालयात ओपीडीला साठ-सत्तर पेशंट. थंडीचे दिवस. पाच महिन्यांची एक पोरगी आली, कागदासारखी पांढरी. मी तिच्या पापण्या उलटून पाहिल्या, जीभ पाहिली, पोट चाचपून लिव्हर आणि पाणथरी पाहिली. तिच्या आजीनं विणलेले लोकरीचे हातमोजे हातात होते, लाल, मनगटाला नाडी बांधलेले. ते मी काढले नाहीत. लोहाचे थेंब लिहून दिले. तिला पुढच्या मोठ्या रुग्णालयात नेलं तेव्हा तिथल्या वयस्क डॉक्टरांनी आधी हातमोजे सोडले. अंगठा तीन पेरांचा होता. त्यांनी मला फोनवर रागावून काही म्हटलं नाही, एवढंच विचारलं, "हात पाहिला होता का?" तेव्हापासून पांढरं लेकरू समोर आलं की मी पहिले हात उघडते. तुमच्या पत्रातल्या त्या ओळीशी मी थांबले ती यामुळं.

रक्ताची सवय लागते, हे मी वर्षानुवर्षं ऐकत आले आहे, आणि या एका समजुतीनं आपल्या भागात लेकरं दगावली आहेत. रक्ताची सवय लागत नाही, भाऊ. दारूची लागते, तंबाखूची लागते. दिलेल्या तांबड्या पेशी झिजत जातात. शरीरात जन्मलेली पेशीही सुमारे १२० दिवसच जगते. तुमच्या नातवाच्या अंगात नव्या पेशी तयारच होत नाहीत, म्हणून चार आठवड्यांनी पुन्हा द्यावं लागतं. थांबवलं तर हिमोग्लोबिन पुन्हा ३.८ वर येईल, आणि त्या वेळी गाडी वेळेवर येईलच असं नाही. शिवाय पहिल्या वर्षी मेंदू वाढत असतो, उंची वाढत असते. तारीख चुकवू नका. वेचणी असो, पोळा असो, घरात लग्न असो.

लोहाचं औषध तर अजिबात देऊ नका. बाळाला १०० मिलीलिटर तांबड्या पेशी दिल्या की त्यातून सुमारे १०० मिलिग्रॅम लोह अंगात जातं. शरीर मात्र दिवसाला एक मिलिग्रॅमही बाहेर टाकू शकत नाही. उरलेलं लिव्हरमध्ये, हृदयात, ग्रंथींत साठत जातं. नातवाच्या अंगात लोहाची कमी नाही, काही महिन्यांनी ते जास्तच होईल. तेव्हा फेरिटिनची, म्हणजे अंगात साठलेल्या लोहाची, तपासणी ठरावीक दिवसांनी होईल आणि लोह बाहेर काढणारं औषध सुरू होईल. अशा औषधांत डेफेरिप्रोन नावाचं एक आहे; या आजारात ते पांढऱ्या पेशींना धोक्याचं ठरू शकतं म्हणून सहसा टाळतात. कुणी दुसऱ्या डॉक्टरनं लिहून दिलं तर आधी नागपूरच्या डॉक्टरांना विचारा.

इथं आशाताईची आठवण ठेवा. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या लेकरांना आठवड्यातून दोनदा लोहाचं सिरप द्यायचं, हा सरकारी कार्यक्रम आहे, आणि तो बाकीच्या गावासाठी चांगलाच आहे. आशाताई मनापासून बाटली घेऊन येईल. तिला अहवाल दाखवा, लेकराच्या लसीकरण कार्डावर लाल शाईनं 'लोह देऊ नये' लिहून घ्या, आणि अंगणवाडीतही सांगा. बीट, खजूर, पालक घरच्या जेवणात आले तर चालतील, त्यांना औषध समजून वाटीवाटीनं पाजू नका. वरणभात, अंडं, दूध, शेंगदाण्याचं कूट, जे बाकीची लेकरं खातात ते त्यालाही खाऊ द्या.

रक्ताबद्दल आणखी एक गोष्ट, जी बहुतेकांना उलटी वाटते. तुमचे भाऊबंद उत्साहानं म्हणतील, आमचं रक्त घ्या, घरचं रक्त चांगलं. पुढं कधी बोनमॅरो, म्हणजे हाडातला मगज, बदलायची वेळ आली तर जवळच्या नात्यातलं रक्त आधी चढवलेलं असणं अडचणीचं ठरतं, कारण शरीर त्या खुणा ओळखून नवा मगज नाकारू शकतं. तुम्ही सगळ्यांनी रक्त जरूर द्या, रक्तपेढीला द्या, ते दुसऱ्या कुणाच्या लेकराला जाऊ द्या. तुमच्या नातवाला बाहेरचंच मिळू द्या, पांढऱ्या पेशी गाळलेलं आणि शक्य तितकं गटउपगट जुळवलेलं.

स्टेरॉइडचं नाव ऐकून घाबरण्याला कारण आहे. गावोगाव सांधेदुखीला, दम्याला, अंगदुखीला ती वाटेल तशी दिली जातात आणि माणसं फुगलेली आपण पाहतो. इथं गोष्ट वेगळी आहे. या आजारात प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड खरोखर काम करणारं औषध आहे; सुरुवातीला सुमारे ८० टक्के मुलांत रक्त वाढायला लागतं. डॉक्टर वर्षाचा होईपर्यंत थांबले, ते योग्य केलं, कारण त्याआधी वाढ खुंटण्याची भीती जास्त असते. वजनावर हिशोब करून आधी मोठा डोस काही आठवडे देतील, आणि गुण आला की हळूहळू उतरवत कमीत कमी मात्रेवर आणतील. कमी मात्रेवर भागत नसेल, तोंड सुजत असेल, उंची थांबली असेल, तर औषध सोडून पुन्हा रक्तावर जाणं शहाणपणाचं असतं. तो औषधाचा पराभव समजू नका. आणि ही गोळी मनानं एकदम बंद करायची नाही, अगदी एक दिवससुद्धा. लेकराला ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

गोळी सुरू होण्याआधी लसींचं विचारून घ्या. गोवर-रुबेलाची लस जिवंत विषाणूची असते. मोठ्या डोसचं स्टेरॉइड चालू असताना ती देत नाहीत, आणि रक्त लावल्यावर काही महिने ती नीट लागू पडत नाही. कोणती लस केव्हा द्यायची याचा हिशोब तुमच्या बालरोगतज्ज्ञांनी कागदावर मांडून द्यायला हवा. तुम्ही मागा.

नातीचा प्रश्न. भावाबहिणीचा मगज पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. जुळला तर बोनमॅरो बदलून रक्ताचा हा त्रास कायमचा मिटू शकतो, आणि लहान वयात केलं तर निकाल चांगले येतात. मुंबई-पुण्याला अशी केंद्रं आहेत, महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राकडून त्यात काय बसतं ते समजून घेता येईल. पण भाऊ, मगज जुळतो का हे पाहण्याआधी तिचा आरपीएल-११ तपासायलाच हवा. खराब प्रत अंगात असून रक्त अगदी व्यवस्थित राहतं, अशी माणसं याच आजाराच्या घरांत सापडतात. ती दिसायला ठणठणीत, गालावर लाली. नातीचा मगज दिला आणि त्यातच तोच दोष निघाला तर सगळी धडपड वाया जाईल. आज तिला जवळ बोलवा, तिचे दोन्ही हात उजेडात धरा, आणि अंगठ्याची पेरं मोजा. दोनच असली तरी तपासणी करायचीच.

आणि मगज जुळला नाही तरी सगळं संपलं असं नाही. गोळीच्या लहानशा मात्रेवर शाळेत जाणारी, कॉलेज करणारी मुलं या आजारात आहेत. मोठेपणी सुमारे २० टक्के जणांना गोळीही लागत नाही आणि रक्तही.

आता तुमच्याविषयी. हिमोग्लोबिन १०.६ आणि दोन वर्षांचा दम, हे वयावर ढकलू नका. वय झालं म्हणून रक्त कमी होत नाही, त्याला कारण असतं. साधी रक्ततपासणी करा आणि त्यातला एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशीच्या आकाराचा, आकडा बघायला सांगा. पेशी मोठ्या निघाल्या तर आधी बी-१२ तपासतील, कारण आपल्याकडे बी-१२ ची कमतरता घरोघर आहे आणि ती इंजेक्शननं भरून निघते. पण डॉक्टरांना नातवाचा अहवाल आणि तुमचा अंगठा दोन्ही दाखवा. ही प्रत तुमच्यात असेल तर आयुष्यभर गप्प बसलेला तोच दोष आता बोलत असू शकतो. या जीनच्या माणसांत रक्ताचे आणि आतड्याचे काही कर्करोग इतरांपेक्षा जास्त होतात, म्हणून शौचातून रक्त, वजन उतरणं, प्लेटलेट किंवा पांढऱ्या पेशी कमी होणं, यातलं काही असेल तर मुळीच लपवू नका. घाबरवण्यासाठी लिहीत नाही. वेळेवर कळावं म्हणून लिहिते.

दोघांना पुढं आणखी मूल हवं असेल तर तपासणीचा उपयोग तिथंही आहे. बाप किंवा आई यांच्यापैकी एकात ही प्रत निघाली तर प्रत्येक खेपेला निम्मी शक्यता. दोघांतही नाही निघाली तर धोका बराच कमी, अगदी शून्य नाही. गरोदरपणाच्या ११ ते १३ आठवड्यांत वारेचा नमुना घेऊन नेमकी हीच खराबी पाहता येते. ती तपासणी कायद्यानं मान्य केंद्रात होते. मुलगा की मुलगी हे तिथं सांगत नाहीत, आणि तुम्हीही विचारू नका.

एवढ्यात कुणी दलाल येऊन म्हणेल, सिकलसेलसारखं अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढून देतो, इतके पैसे द्या. २०१६ च्या कायद्यात रक्ताचे तीन आजार नावानिशी आहेत: हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल. हा आजार त्यांत नाही. पैसे देऊ नका. रक्त आणि उपचार यांसाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे आरोग्यमित्र रुग्णालयातच बसतात, त्यांच्याशी बोला.

तुमच्या मंडळींना मी काही कठोर बोलणार नाही. नातवाला रात्री मांडीवर घेऊन त्या जागल्या असतील. माणसाला कारण हवं असतं, आणि घरात सर्वांत नवी असते ती सून, म्हणून बोट तिच्याकडे वळतं. पण त्या पोरीनं तीन महिन्यांचं लेकरू दूध पिताना दमतंय हे पहिल्यांदा ओळखलं असणार, दर चार आठवड्यांनी एसटीतून त्याला मांडीवर घेऊन तीच जात असणार. उद्या मुलाच्या रक्तात ही प्रत निघाली तर त्याच्यावरही कुणी बोट रोखायचं नाही, आणि तुमच्यावरही नाही. जीन कुणी निवडून देत नाही. तुमच्या वडिलांनी तुम्हाला अंगठा दिला तेव्हा त्यांना काय माहीत होतं?

म्हणून या आठवड्यात एवढं करा. तुम्ही स्वतः सुनेच्या माहेरी जा, मुलाला बरोबर घ्या. तिच्या वडिलांसमोर तुमचा हात आणि नातवाचा हात शेजारी ठेवून दाखवा, आणि सांगा की तपासणी आम्ही सगळेच करतोय, पहिला नंबर माझा. मग तिला आणि लेकराला घेऊन नागपूरला जा. जाताना नातवाच्या जीनच्या अहवालाची मूळ प्रत न्या. त्यात 'सी' अक्षरानं सुरू होणारी, मधे आकडे असलेली एक छोटी ओळ आहे. तीच खराबीची नेमकी जागा. सगळ्यांच्या अर्जावर ती ओळ जशीच्या तशी उतरवायला सांगा, म्हणजे अख्खा जीन वाचावा लागत नाही, फक्त ती जागा पाहतात, आणि खर्चही कमी येतो. एका अक्षराची चूक झाली तर तपासणी दुसरीकडेच होते, तेव्हा अर्ज भरून झाला की ओळ सुनेला वाचायला द्या. घरातले सगळे कागद तिनंच जपून ठेवले असतील.